दिवसातून चार वेळा हजेरी

शांते, आणि तुझ्या दोन्ही भावांनो,

रंगूनहून तुम्हा नातवंडांचं पत्र आलं की शांता शाळेत शिकवायला लागली आणि पोरांची हजेरी घेण्यातच तिचा जीव मेटाकुटीला येतो. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. माझ्या पहिल्या मास्तरांइतकी हजेरी घेणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही आणि होणारही नाही. त्यांची हकीकत मी तुमच्या आईलाही कधी सांगितली नाही. आता तुमच्यातलं एकजण त्याच वाटेला लागलंय, म्हणून क्रमानं लिहिते.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कापूसवाल्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदी चढली. ज्वारी कोणी पेरीना, त्यामुळे बाकीच्यांच्या ताटातली भाकरी अर्धी झाली. आम्ही माळी. माझी माय शाळेच्या ओट्याखाली भाजीची पाटी मांडून बसे आणि मी तिच्याजवळ सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधी. शाळा मुलांची. पण खिडकी उघडी असे आणि मास्तरांचा आवाज मोठा. आत बसायची मला इतकी ओढ होती, की मी जुड्या पाढ्यांच्या चालीवर बांधत असे आणि मायच्या शिव्या खात असे.

मास्तर पूर्वी अकोल्याला एका व्यापाऱ्याकडे कापसाची पारख करत. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागे काळ्या लोकरी कापडावर ठेवायचे आणि लांबी पाहून प्रत सांगायची. ते काम सुटलं, पण बोटांची सवय सुटली नाही. पाढे ऐकताना त्यांचे अंगठे हवेतच काहीतरी ओढत असत. शाळेला फळा नव्हता, म्हणून तेच काळं कापड त्यांनी भिंतीला ठोकलं होतं आणि त्यावर खडूनं लिहीत. पोरांचीही ते प्रत लावत. पहिल्या दिवशी भोकाड पसरणाऱ्या पोराच्या बापाला म्हणत, "माल ओला हाय, पाटील. दोन दिवस वाळू द्या, मंग आना." इंग्रजी त्यांनी गोऱ्या खरेदीदारांकडून उचलली होती, तेवढीच ते शिकवत. पुढे मिशनच्या मॅडमनी मला 'हाऊ आर यू' विचारलं, तेव्हा मी ताठ उभी राहून 'व्हेरी क्लीन, नो डॅम्प' असं सांगितलं होतं.

ते मारत नसत. पाढा चुकला तर हसत. पण वर्गात कोणी पेंगलं, की त्यांचा चेहरा पांढराफटक पडे आणि ते त्या पोराला दंडाला धरून उभं करत. एकदा पाटलानं मऊ गादी पाठवली, ती त्यांनी दारातूनच परत केली. स्वतः उघड्या फळीवर झोपत. आणि हजेरी! सकाळी एकदा, जेवायच्या सुट्टीआधी एकदा, सुट्टीनंतर एकदा, घरी जाताना एकदा. प्रत्येकानं खणखणीत 'हाय मास्तर' म्हणायचं. तोंडातल्या तोंडात बोललेलं चालत नसे. सगळ्यांच्या शेवटी ते एका मुलीचं नाव घेत, "गोदावरी." एक श्वासभर थांबत, कागदावर शून्य काढत आणि मग हजेरी संपे. मुलांच्या शाळेत मुलीचं नाव! पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत. पण ओ कोणीच देत नसे.

मी ते रोज चार वेळा ऐकत होते. माझ्या डोक्यानं सरळ हिशेब केला, की ही गोदावरी शाळा सोडून गेली आणि तिची जागा रिकामी पडून आहे. एके दिवशी सुट्टीनंतर त्यांनी नाव घेतलं, आणि मी खिडकीच्या गजांना धरून ओरडले, "हाय मास्तर!"

वर्ग खदखदून हसला. मास्तर खडूचे हात तसेच घेऊन बाहेर आले. माय घाबरून पाटीमागून उठली. "मास्तर, पोट्टी येडी हाय. मारू नका तिले."

त्यांनी मलाच विचारलं, "कावून बोलली?"

"जागा रिकामी हाय म्हून. रोज कोनीच येत नाही."

मास्तर ओट्याच्या पायरीवर बसले. बोलले ते मायशी, पण नजर सांभाराच्या जुड्यांवर होती.

"माही पोरगी होती, बाई. सहा वर्साची. तिची माय नव्हती, म्हून कामावर संग नेत होतो. कापसाच्या ढिगात खेळता खेळता झोपली. मले काय मालूम? गाड्या आल्या. म्या कापूस ओढून पाह्यला. लय साजरा धागा. म्हनलं, याच ढिगावर ओता."

मायनं मला जवळ ओढलं.

"मंग दिवसभर नाव घेऊन हिंडलो. त्या ढिगाजवळून धा खेपा गेलो. तिनं ओ देल्ली नाही. कापूस पुन्हा हाती धरला नाही म्या. हाक मारली की लेकरं ओ देतात, असं काम पाह्यजे होतं मले. म्हून मास्तर झालो."

माय म्हणाली, "उद्यापासून धाडतो हिले. पन हिचं नाव गोदा नाही, मास्तर. कृष्णी हाय."

"तिची जागा तिलेच राहू दे," मास्तर म्हणाले. "हिले दुसरी करू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदावरीचं नाव घेतलं, थांबले, शून्य काढलं. आणि त्यानंतर, पहिल्यांदाच, आणखी एक नाव आलं, "कृष्णी." मी त्या शून्याकडेच पाहत राहिले. त्यांनी वाट पाहिली. त्यांचे अंगठे हवेत ओढायला लागलेले दिसले, तेव्हा मी ओरडले. तशी चार वर्षं मी दिवसातून चार वेळा ओरडले आणि एकदाही उशीर केला नाही.

पुढे तिकडची लढाई संपली, भाव कोसळले, पाटलांनी पोरं शाळेतून काढून शेतावर नेली. एका पावसाळ्यात आम्ही पाचजणच उरलो, तरी हजेरी चार वेळाच होत होती. कापसाच्या धुळीनं पोखरलेल्या छातीनं मास्तरांना फार दिवस दिले नाहीत. शेवटच्या आजारात मी शेवयांची वाटी घेऊन दारात उभी राहिले, की हाक मारायच्या आधीच 'हाय मास्तर' म्हणत असे.

हजेरीचे कागद वाळवीनं खाल्ले. शाळेच्या जागी आता सरकीची वखार आहे. ते काळं लोकरी कापड मात्र माझ्या पेटीत, वरून दुसऱ्या घडीखाली आहे. त्यावरचा खडू आता झटकून निघत नाही.