विमानाचं शेपूट धरताना

इंजिनाला इंधन कमी दिलं की ते जास्त जोरात का पळतं, हे मला अजूनही कळलेलं नाही. जन्मभर प्राथमिक शाळेत गणित शिकवलं, पण हे गणित डोक्यात शिरत नाही. माणसाला कमी वाढलं तर तो बसकण मारतो. आमच्या ह्यांच्या विमानाचं इंजिन मात्र कमी पाजलं की किंचाळत सुटतं, आणि आणखी कमी पाजलं की गप्पदिशी मरतं. मध्ये कुठंतरी एक बरोबर जागा असते म्हणे. ती कानानं ओळखायची.

विमान म्हणजे हातभर पंखांचं, रिमोटवर उडणारं. हे फौजेत ट्रक दुरुस्त करायचे. रिटायर होऊन साताऱ्याला घरी आले, वर्षभर माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि मग हे खूळ डोक्यात घेतलं. मी म्हटलं बरं झालं, निदान मिक्सर तरी वाचला.

इंजिन घ्यायला आम्ही सांगलीला गेलो. तिथं हळदीच्या पेठेमागं एका मिस्त्रींचं लेथचं दुकान आहे. हळद दळायच्या यंत्रांचे भाग बनवणं हा धंदा, आणि ही मुठीएवढी इंजिनं दुरुस्त करून विकणं हा नाद. बोलायला मऊ, हातानं पक्का असा माणूस. मुलानं पुण्याहून फोनवर बजावलं होतं की बॅटरीवालं घ्या, बाबा, कटकट नाही. मिस्त्रींनी ते आधी लावून दाखवलं. असं बारीक, कर्कश किणकिणलं की माझे दात आंबले. हे म्हणाले, "छे, ह्याला आवाजच न्हाई."

मला वाटलं, फौजी हेका. नेहमीचाच.

मग इंधनाचं इंजिन. त्यातही लहान घ्यावं की मोठं, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर दोघं तासभर बोलले आणि मी पेठेत जाऊन अर्धा किलो हळद घेऊन आले तरी बोलतच होते. शेवटी मधल्या मापाचं टू-स्ट्रोक ठरलं. "शिकणाऱ्याला हेच बरं, मेजर. चूक पोटात घालतंय," मिस्त्री म्हणाले. फौजेतून आलेला कुणीही असो, त्यांच्या लेखी मेजरच.

ते चालू करायची रीतही मला कोड्यात टाकणारी. मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळलेलं इंधन. इंजिनाच्या डोक्यावर एक प्लग, त्याला छोटी बॅटरी लावून आतली तार लाल करायची, पंख्याला काठीनं फटका मारायचा. इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून घ्यायची. आणि तरी ते चालूच राहतं! बॅटरी काढली तर आग कशी राहते, विचारलं. हे म्हणाले, "ती राहती." झालं शिक्षण.

माझं काम शेपूट धरायचं. दर रविवारी गावाबाहेरच्या माळावर मी गुडघे मोडून विमानामागं बसायची. हे बाजूला वाकून इंधन कमी-जास्त करायची सुई फिरवायचे, एकेक दात कट कट करत. मग मला सांगायचे, "तोंड वर कर." मी विमान आभाळाकडं उचलायची. एरंडेलाचे थेंब चष्म्यावर, पदरावर, तोंडात. हे माझ्याकडं बघून ओरडायचे, "बरोबर हाय का?"

"व्हय, बरोबर हाय!"

मला काय कळतंय बरोबर नि चूक? पण घरी कुकर लावायचा असायचा, गुडघे ठणकायचे. हो म्हटलं की विमान हातातून सुटायचं आणि मी मोकळी. खरं सांगते, मी ऐकतसुद्धा नव्हते.

दोन रविवार बरे गेले. तिसऱ्याला इंजिन हवेतच बंद पडलं आणि विमान कुणाच्या तरी हरभऱ्यात उतरलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ह्यांनी प्लग बदलले, मग इंधनाला दोष दिला, मग उन्हाला, मग मी शेपूट वाकडं धरते म्हणून मला. मी मनात म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी एका रविवारी पंखा हातानं फिरेनासा झाला. आतून सगळं आवळून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे इंजिन फडक्यात गुंडाळून सांगलीच्या एसटीत बसले. तोंड बघूनच मी बरोबर गेले, म्हटलं भांडण तरी आवरता येईल. पण दुकानात शिरताच ह्यांनी आवाज चढवला. चार गिऱ्हाईकं उभी होती. "मिस्त्री, मला फौजी म्हणून फसिवलंस. खोटं इंजिन गळ्यात मारलंस."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्या पेठेत त्यांच्या शब्दावर माल उचलला जातो, हे मला ठाऊक होतं. ते कामाला लागले. इंजिन गरम करून सैल केलं, खोललं, आणि पिस्टन आमच्यापुढं धरला. करपलेल्या भाकरीसारखा तपकिरी. "हे उपाशी पळवलंय, मेजर. सुई लय आवळली."

"मी आवळली? उभा जन्म इंजिनं लावण्यात गेला माझा!"

मिस्त्रींनी वाद घातला नाही. टेबलाला ठोकलेलं स्वतःचं इंजिन चालू केलं आणि सुई ह्यांच्यापुढं केली. "तुमीच लावा."

हे सुई आवळत गेले. कट. कट. आधी भरड, धूर ओकणारा आवाज होता, तो स्वच्छ झाला, मग चढला. मिस्त्रींनी मान हलवली, म्हणजे इथं थांबा. हे खाली बघत होते. आणखी कट. आवाज पातळ, ताणलेला झाला. गिऱ्हाइकांतल्या एकानं कान झाकले. ह्यांचा चेहरा मात्र तसाच, देवळात उभ्या माणसासारखा शांत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरोबर हाय न्हवं?"

आणि मी सवयीनं म्हणाले, "व्हय, बरोबर हाय."

मिस्त्रींनी पुढं झुकून इंजिन बंद केलं. माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. त्यांना काय ते कळलं असावं, कारण ते गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जाऊ द्या मेजर. माझाच माल खराब निघाला. दुसरं इंजिन घेऊन जावा."

मला ते सोसवलं नाही. तो भला माणूस ह्यांच्या अब्रूसाठी स्वतःची अब्रू चार लोकांत उतरवत होता. त्याच क्षणी ते कर्कश बॅटरीचं इंजिन, वाजत राहिलेली दारावरची घंटा, मुलाचे ह्यांनी न उचललेले फोन, सगळं माझ्या डोक्यात एकदम गोळा झालं. मी म्हणाले, "मिस्त्री, तुमचा माल चांगलाय. ह्यांना ऐकू येत न्हाई."

ह्यांनी माझे ओठ वाचले की ऐकलं, कोण जाणे. फडकं घडी करून खिशात घातलं आणि बाहेर गेले. मिस्त्रींनी माझ्या पिशवीत दुसरं इंजिन ठेवलं. मी नको म्हणत होते की घेत होते, आठवत नाही.

एसटीत इस्लामपूर गेलं, कराड आलं, तरी हे खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटत होतं मी खरं बोलले, आणि वाटत होतं मी नवऱ्याला भर बाजारात उघडं पाडलं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, काही सुधरत नव्हतं. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी त्यांच्या कानाजवळ जाऊन म्हणाले, "चुकलं माझं. मला आत्ता कळलं."

"मला दोन वर्षांपासनं ठावं हाय," ते म्हणाले. "जाडा आवाज येतोय. बारीक येत न्हाई."

"मग मला सांगायचं न्हाई का?"

"दर रविवारी इचारत तर होतो."

मी पदर तोंडाला लावला. म्हणजे ते मला पसंती विचारत नव्हते. माझा कान मागत होते. आणि मी कुकरच्या घाईत हो म्हणून म्हणून ते इंजिन जाळलं होतं. वर त्याच तोंडानं त्यांचं बहिरेपण पेठेला सांगून आले.

पुढचे दोन रविवार त्यांनी माळाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या रविवारी मीच विमान ओट्यावर आणून ठेवलं.

माळावर मी शेपूट धरलं आणि पहिल्यांदा डोळे मिटून ऐकलं. अरे देवा, किती आवाज होते त्यात! भरड होता, मग त्याच्याआड काहीतरी चढत होतं, मध्येच अडखळल्यासारखं. ते वर होतं की खाली? मिस्त्रींच्या दुकानातला तो स्वच्छ आवाज हाच का? मला रडू यायला लागलं. इतका जीव लावून ऐकत होते आणि काही पत्ता लागत नव्हता.

"बरोबर हाय का?" ते ओरडले.

मी मान हलवली. "कळंना मला!"

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. मग सुई उलटी फिरवली, चार दात. इंजिन जड झालं, एरंडेलाचा पांढरा धूर माझ्या अंगावर आला.

"आता?" मी विचारलं. "आता बरोबर झालं?"

"न्हाई," ते म्हणाले. "जास्त पितंय. पण त्यानं मरत न्हाई. कळंना म्हणालीस की मी पाजीन थोडं जास्त. तू नुसतं खरं सांगत जा."