कापसात हरवलेलं इष्टलिंग

देव आहे की नाही, यावर विचार करायला मला आयुष्यात सवडच मिळाली नाही. घर, शेत, पोरं, आजारपणं यांतून डोकं वर काढलं तोवर केस पांढरे झाले. पण एकदा मी देवावर मनापासून चिडले होते. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा अंथरुणावर पडून होते. ताप नाही, दुखणं नाही, पण पाण्याचा थेंबही घेत नव्हते.

निजामी राजवटीतला तो शेवटचा हिवाळा. गावोगाव भीती होती, म्हणून नवऱ्याने मला लेकरांसह माहेरी, झरीजवळच्या आमच्या खेड्यात आणून सोडलं होतं. घरात आई, दोन विधवा आत्या, त्यांची पोरं, माझा भाऊ आणि त्यात आता आम्ही. सगळ्यांचा भार एकट्या आप्पांवर. पहाटे मोट, दिवसभर शेत, संध्याकाळी बैलांचं वैरणपाणी. बसले तरी अंबाडीचा दोर वळत बसायचे. आत्यांना त्यांनी कधी उपरं वाटू दिलं नाही आणि आईवर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. दिवसा आडवे झालेले तर ते मला आठवतच नाहीत.

आम्ही लिंगायत. सुपारीएवढं काळं इष्टलिंग फडक्यात गुंडाळून गळ्यात बांधायचं, अंघोळ झाली की तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि मगच घास तोंडात घालायचा, ही आमची रीत. बरेच जण यात थोडंफार इकडेतिकडे करतात. आप्पा कधीच करत नसत.

त्या दिवशी सकाळी ते गाडीत कापूस भरत होते. गाडीला बाजूंनी बांबूच्या तट्ट्या लावायच्या, आत कापूस टाकायचा आणि माणसाने उभं राहून पायांनी तो तुडवत दाबायचा, म्हणजे गाडीत जास्त मावतो. आप्पा उघड्या अंगाने घाम गाळत तुडवत होते. गाडी भरली आणि शेजाऱ्याबरोबर परभणीला रवाना झाली. आप्पा विहिरीवर अंघोळ करून आले, पूजेला बसले, हात गळ्याकडे गेला, तर गळा मोकळा. घामाने कुजलेला दोरा तुडवताना तुटला होता.

ते तसेच उपाशी परभणीच्या वाटेला लागले. पोचेस्तोवर कापूस जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या आवारात इतरांच्या ढिगात मिसळून गेला होता. पांढऱ्या कापसात पांढरं फडकं. दिसेल त्याला त्यांनी विचारलं. कुणी हळहळलं, कुणी हसलं. परत येताना सगळी वाट धुंडाळली आणि घरी येऊन ते आडवे झाले ते झालेच.

नवीन लिंग गुरूच देणार, आणि आमचे स्वामी त्या धामधुमीत वऱ्हाडात निघून गेलेले. आई म्हणाली, "माझ्या लिंगाची पूजा करा अन् घोटभर पाणी तरी घ्या." आप्पा म्हणाले, "तुझं तुला, माझं मला. असं उसनं चालतं का?" एक दिवस गेला, दुसराही गेला. ओठ सुकले, आवाज खोल गेला. आई उंबऱ्यात बसून राहिली. चूल पेटत होती ती फक्त पोरांसाठी. मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती आप्पांच्या चेहऱ्याची. तो दुःखी नव्हता. कित्येक वर्षांनी विसावा मिळालेल्या माणसाचा तो चेहरा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले आणि देवाशी भांडले. ज्याने तुला एक दिवस अंतर दिलं नाही, त्यालाच असं मारतोस का, असं खूप काही म्हणाले. बोलून बोलून थकले. मग आपोआप तोंडातून निघालं, आता तुझं तू बघ. त्यानंतर मी काही मागितलं नाही.

ऊन चढल्यावर दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. पायांवर धूळ, पदरात काहीतरी जपून धरलेलं.

"इथं कोन्या बाबाचा देव हरवलाय का?"

तिचं नाव हुसेनबी. जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायची. वेचताना हाताला गाठोडी लागली आणि कुणीतरी तिला आप्पांची हकिगत सांगितली. भीतीपोटी कुणी गाडी जोडेना, म्हणून पहाटेच पायी निघाली होती. म्हणाली, "उघडून न्हाई पाह्यलं. कापसासकट उचलून आणलाय."

आत्या कुजबुजल्या, "दुसऱ्याच्या हातातून आलंय. आता चालंल का?"

आप्पा कोपरावर टेकून उठले. "माझ्या गळ्यातून पडलं तवा त्याला पायाखाली मीच तुडवलं आसंल. तिनं पदरात आणलं. मग इटाळ कुणाचा?"

आप्पांनी हुसेनबीला विचारलं, "बाई, आशा दिवसांत एकटी आलीस. भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. पर तुमी उपाशी हाव म्हनले. मलाच घास गिळंना."

भावाने आधार देऊन आप्पांना अंघोळ घातली. पूजा झाल्यावर त्यांनी आधी हुसेनबीला भाकरी वाढायला लावली. ती जेवायला लागली, तेव्हा त्यांनी तांब्या तोंडाला लावला. आई भिंतीकडे तोंड करून रडली, आणि मीही रडले. भावाने दुपारी गाडी जुंपून हुसेनबीला परभणीला पोचवलं.

कुणाला हे सांगितलं की म्हणतात, कापूस वेचणारीला कापसातलं सापडलं, त्यात नवल काय? नवल नसेलही. मी वाद घालत नाही.

आप्पा पुढे खूप जगले. आत्यांच्या पोरांची लग्नं लावली, आईचं लांबलेलं दुखणं काढलं, नातवंडं खांद्यावर खेळवली. अगदी म्हातारपणी एकदा मी विचारलं, "आप्पा, तवा मरणाचं भ्या न्हाई वाटलं?"

ते म्हणाले, "भ्या कशाचं? लय थकलो होतो बाई. पडल्या पडल्या वाटलं, सुटलो. मग ती दारात आली अन् कळलं, कामाला देवानं लावलंय, तर सुट्टी बी त्यानंच द्यायची."

देवाच्या हवाली होणं म्हणजे हातपाय गाळून पडून राहणं, असं मला वाटायचं. अंगात त्राण नसताना आप्पा आमच्यासाठी उठले, तेही देवाच्या हवाली होणंच होतं. आता मीही फार थकले आहे. देवाकडे काही मागत नाही. त्या दिवशी त्याने आप्पांना सुट्टी दिली नाही, याबद्दल त्याचे उपकार मानते आणि कामाला लागते.