टोटवाले तात्या

आमचे थोरले चुलते, तात्या, थुंकायचे. तोंडात पान नाही, तंबाखू नाही. माणूस नुसता मतावर थुंकायचा. शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात कुणी म्हणालं की अमका पुढारी दिलदार आहे, की तात्या मान डावीकडं वळवून गटाराच्या पलीकडं नेमकं थुंकायचे आणि परत ऐकायला तयार. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि हे मी कुठंही सांगतो. मला या सवयीची किळस यायची. तसं बोललो की म्हणायचे, "पदवीधर, तुझं इंग्लिश तू तोंडात ठेव. माझी थुंकी मला टाकू दे."

तात्यांनी नोकरी केली ती मुंबईला, रेसच्या मैदानावर. पण घोड्याजवळ नाही, टोटच्या खोलीत. टोट म्हणजे पैजा मोजणारं मशीन. खिडकीवर तिकीट फाटलं की आतलं चाक एक दात पुढं सरकायचं आणि बाहेरच्या फळ्यावर त्या घोड्याचा आकडा वाढायचा. सगळ्यांचा पैसा एका ठिकाणी गोळा होणार, त्यातून मैदानवाल्याचा वाटा निघणार, आणि उरलेला पैसा जिंकलेल्या घोड्यावर लावणाऱ्यांत वाटला जाणार. तात्या त्या चाकांना तेल घालायचे, दात घासून द्यायचे. स्वतः कधी एक तिकीट घेतलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "मी आतनं बघितलंय. आतनं बघितल्यावर कोण लावतंय?"

मशीनचा इतिहास ते पाव्हण्यांना चहा यायच्या आधी सांगून टाकायचे. "पयलं टोट लांब, समुद्राच्या पल्याड झालं. ज्यानं काढलं त्यानं ते घोड्यासाठी न्हवतंच काढलं. मतं मोजायला काढलतं. सरकार म्हणालं, नको आमाला. मग गेलं रेसला. पियानोच्या तारा, सायकलच्या चेना, लोखंडाची वजनं, असलं एक घरभर मशीन. एवढं डोस्कं लावलं गड्यानं, आणि गेलं कुठं? जुगारात!" इथं थुंकी ठरलेली. मी म्हणायचो, "तात्या, मतं मोजली असती तर काय वेगळं झालं असतं?" तेव्हा मात्र हसायचे, आणि खोकला येईपर्यंत हसायचे.

नव्वद सालाच्या पुढं केव्हातरी मैदानावर कॉम्प्युटर आले. जुनं टोट भंगारात निघालं आणि तात्याही घरी आले. येताना टेम्पोभर चाकं, चेना आणि आकड्यांच्या पट्ट्या विकत घेऊन आले. घराचा पुढचा सोपा भरला. आमच्या पोह्यांना ग्रीसचा वास येऊ लागला, धुतलेल्या कपड्यांवर काळी बोटं उमटू लागली. मला घरी मित्र आणायची लाज वाटायची. काकू म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती." तात्यांना त्याचं काही नव्हतं. कपाटाएवढं, चार घोड्यांचं एक छोटं टोट त्यांनी उभं केलं आणि त्याला पुढून काच लावली. "आत बघू दे लोकांना," म्हणाले. "यात लपवायचं काय हाय?"

ते बघायला पेठेतला एक पुढारी आला. त्याचं नाव लिहून मी शाई नासणार नाही. कळंब्याच्या पलीकडं माळावर त्यानं घोडागाडीच्या शर्यती ठेवल्या होत्या. त्याला हे मशीन मंडपात हवं होतं. दहा रुपयांचं तिकीट, रुपयामागं दहा पैसे त्याचा वाटा. मी तात्यांना स्पष्ट सांगितलं, या माणसाच्या मांडवात पाऊल टाकू नका. तात्या चाकावरून फडकं फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "एकदा फिरताना बघू दे की रं." रागावलो होतो, तरी मशीन टेम्पोत चढवायला मीच हात लावला. माझी भाषा शुद्ध म्हणून निकाल सांगायला माईकवर मलाच बसवलं.

गाड्या चार पेठांच्या चार. एक घोडा आमच्या तालमीचा. आणि तिथं आमच्या कोल्हापूरनं जे करायचं तेच केलं. आमच्या पेठेतली झाडून सगळी माणसं आमच्याच घोड्याच्या खिडकीवर. दुसऱ्या खिडकीसमोर कुणी नुसता उभा राहिला असता तरी त्याला परत बोळात शिरणं अवघड झालं असतं. आणि बाकीच्या पेठा म्हणाल्या, "तुमच्या मशीनवर आम्ही लावू व्हय? आमचं आम्ही बघतो." फळ्यावर आमच्या घोड्याचा आकडा टकटक चढत होता. बाकी तिघांवर शून्य, शून्य आणि शून्य.

तात्यांचा चेहरा उतरला. "पदवीधर, कळलं का?" मी म्हणालो, कळलं. घोडा हरला तर सगळंच गेलं; आणि जिंकला तर प्रत्येकाला दहाचे नऊ. तात्या पुढाऱ्याकडं गेले. "शर्यत धावू दे, पैज रद्द करा. तिकिटाचे पैसे परत द्या."

पुढारी हसला. "तात्या, एवढंच? बाकीच्या घोड्यांवर जरा आकडे फिरवा की हातानं. बघून लोक तिकडं पण लावतील."

"हे मशीन खोटा आकडा दावत न्हाय."

"मशीन कुठं दावतंय? तुम्ही दावा."

तात्या त्याच्या बुटाजवळ थुंकले आणि मशीनजवळ येऊन उभे राहिले.

आमचा घोडा जिंकला. गुलाल उडाला, हलगी कडाडली, लोक तिकिटं नाचवत खिडकीशी आले. मी माईकवर सांगितलं, दहा रुपयांना नऊ रुपये. हलगी थांबली.

"जिंकलो, आणि रुपाया कमी?"

"व्हय," तात्या म्हणाले. "हरलं कोण? कुणीच न्हाय. मग तुला जादा द्यायचं कुणाच्या खिशातनं?"

"आमाला शिकवतोस व्हय रं म्हाताऱ्या?"

तेवढ्यात पुढाऱ्यानं माझ्या हातातला माईक ओढून घेतला. "बंधूंनो, शांत व्हा. मशीनमध्ये बिघाड आहे. मशीन चुकलेलं आहे." एवढं बोलला आणि आपला वाटा घेऊन जीपमध्ये बसला.

पहिला दगड काचेवर पडला. तात्या दोन्ही हात पसरून मशीनपुढं उभे होते. "बिघाड न्हाय! आत बघा, आत बघा की!" असं ओरडत होते. आत कुणी बघितलं नाही. आमच्याच पेठेची, आमच्याच पंगतीला जेवणारी माणसं. त्यांनी चेना तोडल्या, चाकं माळावर गोट्यांसारखी सोडली. कुणी एक आकड्यांची पट्टी गळ्यात घालून नाचला. मी तात्यांना धरून बाजूला केलं तेव्हा त्यांच्या कपाळावर रक्त होतं. ते मोडतोडीकडं बघत नव्हते. पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "चुकलं म्हणाला रं. चुकलं म्हणाला."

आठवडाभरानं तोच पुढारी पेढे घेऊन दारात. "मशीन माझ्या खर्चानं नवं करा," म्हणाला. फक्त काच नको, आणि आकडे फिरवायला खाली एक छोटा दांडा. काकूंनी पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात परत दिला. तात्यांनी त्याच दुपारी भंगारवाल्याला बोलावलं आणि सगळं लोखंड किलोवर घातलं. एक चाकसुद्धा ठेवलं नाही. "ठेवलं तर कुणीतरी दांडा बसवील," म्हणाले.

पुढं गल्लोगल्ली ऑनलाइन लॉटरीची दुकानं निघाली. कामावर जायच्या वयाची पोरं भर दुपारी पडद्याकडं तोंड वासून बसायची. तात्या काठी टेकत दारात उभे राहायचे. "आकडा कुठनं येतोय रं?"

"वरनं येतोय, तात्या."

"वरनं म्हंजे? दार उघडून दाव."

पोरं हसायची. तात्या थुंकायचे आणि पुढच्या दुकानाकडं निघायचे.

तात्या गेले तेव्हा सगळी पेठ आली. दगड मारणारे हात खांदा द्यायला पुढं होते. पंचगंगेच्या घाटावर शोकसभा झाली आणि बोलायला उभा राहिला तोच पुढारी. रुमालानं डोळे टिपून म्हणाला, "तात्यांचं मशीन म्हणजे या पेठेची शान होती. कधी चुकलं नाही."

लोकांनी माना डोलावल्या. मी इस्त्रीच्या शर्टात, पहिल्या रांगेत उभा होतो. मान डावीकडं वळवली आणि थुंकलो. पहिल्याच खेपेला नेमकं पडलं.