दाराशी काढलेले बूट

पितळी तबक घासताना पॉलिशचा वास आला, की मला कतारमधल्या दोहातल्या आमच्या चर्चमधला एक शुक्रवार आठवतो; तिथं सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही त्याच दिवशी. वर्ल्ड कपसाठी स्टेडियमं उभी राहत होती. उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वेदीपर्यंत कोणी न्यायचा, हे ठरवायची सेवा माझ्याकडे होती. त्या दिवशी भाकरीचं तबक मी शांतवनदादांना दिलं. ते जालन्याकडचे, स्टेडियमवर परांची बांधायचे. ड्युटीवरून थेट आले होते आणि गावच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी बूट दाराशीच काढले होते.

कमिटीतले पुण्याचे अंकल माझ्याजवळ आले. "आज बाहेरून पाहुणे आलेत. यांना बूट घालायला सांगा, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी पाठवा."

दादा तबक परत करू लागले. "राहू द्या ताई, मी मागं बसतो."

माझे न शिकलेले आईवडील गावच्या चर्चमध्ये असेच अनवाणी जात. मी माझे ऑफिसचे सँडल काढून अंकलच्या पायाशी ठेवले. "चला दादा," म्हटलं आणि द्राक्षारस घेऊन त्यांच्या बरोबरीनं वेदीपर्यंत चालत गेले.

तेव्हा वाटलं, मी दादांसाठी भांडले. आज कळतं, अंकलना खटकलेले ते अनवाणी पाय माझ्याच घरचे होते.

सेवा करणाऱ्यांच्या पुढच्या यादीतून माझं नाव गेलं. सँडल मी अजूनही दाराशीच काढते.