शब्दकाकांचा ‘ॲप्रिहेंड’

शब्दकाका चिडले की त्यांचा आवाज चढत नसे, उलट बारीक होई. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, इथे हिंदी मुलखात, सोडाल्यात, आमच्याच सोसायटीत राहायचे. दुपारी खालच्या हॉलमध्ये आम्हा बायकांना इंग्रजी शिकवायचे. मी चौथी शिकलेली. आज चार ओळी वाचते त्या त्यांच्यामुळे.

नवा शब्द आला की नुसता अर्थ लिहिलेला त्यांना चालायचा नाही. तो कोण, कोणाबद्दल वापरतं, तेही सांगायचं. ‘ॲप्रिहेंड’ आला तेव्हा मी पटकन म्हटलं, “पकडणे!”

“कोणी पकडणे, वहिनी? तुम्ही मांजर पकडलंत तर ते ॲप्रिहेंड नव्हे. तिथे कायद्याचा माणूस लागतो.” जुन्या पुस्तकांत त्याचा अर्थ ‘समजणे’ असाही असतो, म्हणाले, पण तसं बोलायला गेलात तर लोक तोंडाकडे बघतील. आम्ही हसलो. मी सगळं वहीत उतरवलं.

मग कमलाचं झालं. ती सोसायटीत सहा घरची भांडी घासायची. सेक्रेटरींच्या घरची सोनसाखळी सापडेना, म्हणून त्यांनी तिला वॉचमनकरवी तीन तास गेटपाशी बसवून ठेवलं. झडतीत काही निघालं नाही. तरी दुसऱ्या दिवशी इंग्रजी नोटीस तयार: चोरीबद्दल कमलाला ॲप्रिहेंड केलं आहे, तिला कोणी कामावर ठेवू नये. सेक्रेटरी माझ्या दारात. “आंटीजी, आपको तो इंग्लिश आती है. पढ़के साइन कर दीजिए.” आता काय सांगू, मी फुगले! शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवली आणि पहिली सही ठोकली. माझ्यामागोमाग त्यांनीही केल्या.

नोटीस गेटच्या फळ्यावर लागली, तेव्हा काकांनी तिथेच सेक्रेटरींना गाठलं. “पुलिस कहाँ थी इसमें? एक औरत को आपने तीन घंटे रोककर रखा, वही लिखिए.”

“अंकलजी, मतलब तो वही है ना?”

“नहीं. इस शब्द से वो मुजरिम लगती है और आप सरकार.”

मग त्यांनी सह्या वाचल्या. आवाज अगदी बारीक. “वहिनी, तुम्हीसुद्धा?”

आठवड्याने साखळी सेक्रेटरींच्याच गाडीत सीटखाली मिळाली. नोटीस गुपचूप उतरली. माफी? नाव नको! वर ‘हॉल फंक्शनला लागतो’ म्हणून काकांचा वर्ग बंद केला. हा सेक्रेटरी अजून मला हात जोडून नमस्ते करतो, माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

काका मुलाकडे नागपूरला निघाले. मी पाया पडायला गेले तर म्हणाले, “माझ्याकडे काय येता? तिच्याकडे जा.”

गेले. कमलाने पाणी दिलं, बसायला सांगितलं. सहाही कामं गेली होती. मी म्हटलं, “कमला, मेरी एक साइन से क्या होता...”

“बाकी किसी को कहाँ पढ़ना आता था, आंटीजी? सबने कहा, आंटीजी ने पढ़ लिया है, सच ही होगा.”