सहीची रिकामी जागा

आमच्या वाचनालयात एक सूचना वही आहे. टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेली असते, नाहीतर कोणीतरी पेनासकट घेऊन जातं. वाचकाने तिच्यात हवं असलेलं पुस्तक लिहायचं, पुढे आपलं नाव, आणि शेवटचा रकाना निवड समितीच्या सहीचा. परळच्या गिरणी कामगारांनी हे वाचनालय काढलं तेव्हाच त्यांनी एक नियम करून ठेवला. समितीतल्या पाचांपैकी एकाने जरी सही केली तरी ते पुस्तक घ्यायचंच, मग बाकीच्या चौघांनी तोंडं वाकडी केली तरी. आणि ज्याने मागितलं त्याचा पहिला नंबर.

माझे वडील गिरणीत होते. आठवड्याला एक रहस्यकथा, हा त्यांचा खुराक. त्यांनी मागितलेल्या पुस्तकांपुढे सही करणारा कोणीतरी तेव्हा समितीत होता. मला त्याचं नाव माहीत नाही. एवढं माहीत आहे की आज त्याच्या खुर्चीवर मी बसतो.

समितीत मला घेतलं ते मी दोनतीन दिवाळी अंकांत कवितेवर लेख लिहिले म्हणून. माणूस विमा कंपनीत, राहायला दादरला, बोलणं शुद्ध. सगळ्यांना वाटलं, बरा आहे. मी खरं काय वाचतो हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी भयकथा वाचतो. खून, झपाटणं, धड भूतही नाही आणि धड माणूसही नाही असली पात्रं, ज्यांचा शेवट वाईटच होतो अशा कादंबऱ्या. प्रकाशकांच्या आगामी पुस्तकांच्या याद्या येतात त्या मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून वाचतो. तेराव्याचा स्वयंपाक करणारी एक बाई, जिच्या पंगतीला दर वेळी एक पान जास्त लागतं. एक सोसायटी, जिच्या लिफ्टचा आरसा एका मजल्यावरच्या लोकांना दाखवतच नाही. दोन ओळींची जाहिरात असते, पण तेवढ्यावर माझे दोन महिने छान जातात. पुस्तक हातात येण्यापेक्षा ते यायचं असतं तेव्हाच जास्त मजा, असं मला कित्येकदा वाटलं आहे.

पुस्तक आलं की मी त्याला खाकी कव्हर घालतो. बायको एकदा म्हणाली, "कव्हर घालून फसवतोस कोणाला? धूळ मीच झटकते. सगळी उघडून बघितलीत मी."

फसवत होतो ते बाहेरच्यांना. पन्नाशी उलटलेला माणूस कव्हराआड पुस्तक लपवतो, याचा मला आज इतका राग येतो की ते कागद टराटरा फाडावेसे वाटतात. तेव्हा मात्र मी ते नीट घड्या घालून, टोकं आत दुमडून बसवत होतो.

वाचनालयात दर शनिवारी घोडपदेवहून एक मावशी यायच्या. मावशी म्हणजे हॉस्पिटलातल्या मावशी. पस्तीस वर्षं त्यांनी वॉर्डात आया म्हणून काढली. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीतला, तो जाऊनही बरीच वर्षं झाली. त्या फक्त भुताखेतांचं वाचायच्या. एकदा काउंटरवरची बाई त्यांना म्हणाली, या वयात काहीतरी आध्यात्मिक वाचा. मावशींनी पिशवीत पुस्तक टाकत सांगितलं, "मी खरी मढी पुष्कळ धुतली गो. पुस्तकातली निदान बोलतात तरी."

आमची ओळख झाली ती एका कादंबरीमुळे. तीन भागांची होती. बंद पडलेल्या गिरणीच्या तळघरात एक पाळी अजून चालू आहे आणि त्या कामगारांना गिरणी बंद झाल्याचं कोणी सांगितलेलंच नाही, असं कथानक. पहिले दोन भाग वाचनालयात होते, कारण ते जुन्या ग्रंथपालांनी कधीतरी आणून ठेवले होते. मी दुसरा भाग परत करताना मावशी मागे उभ्या होत्या. त्यांनी तो माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतला आणि मला नीट न्याहाळलं.

"तू पण?"

मी इकडेतिकडे बघून मान हलवली. त्या दिवसापासून समितीतल्या मला त्या 'झिला', म्हणजे पोरा, म्हणू लागल्या. तिसऱ्या भागात त्या पाळीचा भोंगा कोण वाजवतं ते कळणार होतं. शनिवारमागून शनिवार आम्ही जिन्याजवळच्या बाकावर बसून त्यावर वाद घातला. त्यांचं म्हणणं, भोंगा वाजवणारी बाई असणार. पुरुषांना एवढी वर्षं कळ काढवत नाही.

तिसऱ्या भागाची जाहिरात आली त्याच महिन्यात त्यांनी मला डोळ्यांचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, नजरेच्या मध्यभागी डाग पडतोय, तो वाढत जाणार. त्यांनी हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि मग सूचना वहीत मोठ्या अक्षरांत कादंबरीचं नाव लिहिलं. "बघ रे, लवकर आणव. वर्षभर दिसेल म्हणतात."

पुढच्या रविवारी समितीची सभा होती. अध्यक्ष गिरगावातले निवृत्त मुख्याध्यापक; त्यांना सगळे सर म्हणतात. बटाटेवडे आले, चहा आला, वही फिरू लागली. सरांनी मावशींची नोंद मोठ्याने वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "आपल्याकडे वाचक येतात की मांत्रिकाची गिऱ्हाइकं?"

सगळे हसले. मीही हसलो. हे मी कितीही वेळा लिहिलं तरी बदलणार नाही. मी हसलो, आणि हसताना वड्याचा तुकडा माझ्या तोंडात होता.

वही माझ्यापुढे आली. एका सहीचं काम होतं. सरांनी सहज विचारलं, तुमचं काय मत? मी म्हणालो, "दर्जाच्या दृष्टीने जरा थांबूया." आणि वही पुढे सरकवली.

त्याच वेळी माझी स्वतःची प्रत मी प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदवून ठेवलेली होती.

ती जूनमध्ये आली. मी ती दोन दिवसांत वाचली, मग पुन्हा एकदा सावकाश वाचली. भोंगा कोण वाजवतं ते कळलं तेव्हा मी ऑफिसच्या गच्चीवर भर दुपारी बसलो होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. पहिली आठवण मावशींची झाली. दुसरा विचार असा आला की त्यांना प्रत दिली तर त्या चार लोकांत सांगतील, समितीतल्या झिलाने दिलं म्हणून. मग सरांना कळेल. पहिला विचार मी दाबला आणि दुसऱ्याचं ऐकलं.

शनिवारी त्यांनी विचारलं, "इला काय रे तिसरा?"

"अजून छापायचं आहे, मावशी."

पुढच्या शनिवारीही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. कागद महागलाय, प्रेसमध्ये अडकलंय, लेखक आजारी आहे. मी बरीच कारणं दिली. खोटं बोलायला मी काही नवखा नव्हतो, पण इतकं बारकाईने खोटं मी आयुष्यात कोणाशी बोललो नव्हतो. मावशी भिंग घेऊन यायला लागल्या. मग पुस्तकाची पाठ डोळ्यापासून चार बोटांवर धरून वाचायला लागल्या. लालबागच्या मंडपांचे बांबू उभे राहिले तेव्हा त्या जिना उतरताना पायाने पायरी चाचपडत होत्या. गणपतीनंतर त्या आल्याच नाहीत.

मला सरांचा राग आहे. वाचनसंस्कृती बुडाली म्हणून दर सभेला गळा काढणाऱ्या आणि बसचे दोन टप्पे करून येणाऱ्या वाचकाला गिऱ्हाईक म्हणणाऱ्या सगळ्यांचा राग आहे. भीती ही खालच्या लोकांची करमणूक आहे, असं यांना कोणी शिकवलं? ज्या बाईने पस्तीस वर्षं माणसं मरताना पाहिली तिला कशाने घाबरावं हे जन्मभर खडू धरलेल्या माणसाने ठरवायचं? पण हा सगळा राग मी फार उशिरा, फुकटात करतो आहे. सर निदान जे मानतात ते तोंडावर बोलले. माझ्याकडे सही होती, पुस्तक होतं, आणि आवडही तीच होती.

दिवाळी झाल्यावर मी घोडपदेवला गेलो. पिशवीत पुस्तक होतं, कव्हर काढलेलं. मावशी खाटेवर बसून लसूण सोलत होत्या, हातांच्या अंदाजाने. माझा आवाज ओळखून म्हणाल्या, बस. नातीने चहा ठेवला. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणालो, आलं. त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "हेच ना ते, खाकी कव्हरातलं?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागलो.

"श्रावणात पिशवी बाकावर ठेवून तू पाणी प्यायला गेलास. मी उघडून बघितलं. तेव्हा मोठी अक्षरं दिसायची." त्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "म्हटलं, वाचून झालं की देईल."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मालवणीत शिव्यांना काही तोटा नाही. त्यांनी फक्त चहा गार होतोय याची आठवण केली. मी म्हणालो, मी वाचून दाखवतो. दर शनिवारी येईन, पूर्ण वाचून दाखवीन.

"नको रे. भ्यायला एकटं लागतं." नातीने मोबाइलवर गोष्टी लावून दिल्या होत्या म्हणे. कानाशी कोणी बोलत असलं की सोबत होते, आणि सोबतीत भीती कसली. मग मी मूर्खासारखं विचारलं, निदान भोंगा कोण वाजवतं ते सांगू का?

त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "तोंड बंद ठेव. वहीत माझा नंबर आहे ना अजून? तू काय घरातलं दान करायला आलायस? माझं पुस्तक तिथे येऊ दे. येईल तेव्हा मी नेईन."

पुस्तक त्यांनी माझ्या पिशवीत परत टाकलं.

पुढच्या रविवारी सभेत मी वही मागून घेतली, मागची पानं उलटली आणि त्यांच्या नोंदीपुढे सही केली. सर म्हणाले, ती मागणी निकालात निघाली आहे. मी म्हणालो, नियमात मुदत लिहिलेली नाही. त्यांनी समजावणीच्या सुरात दर्जाबद्दल सुरुवात केली, तेव्हा माझा आवाज चढला. मी सांगितलं की मी ते पुस्तक दोनदा वाचलंय, त्या लेखकाचं सगळं वाचलंय, माझ्या घरी असल्या पुस्तकांचं कपाट आहे आणि या टेबलाशी बसून मी सहा वर्षं खोटं बोलत आलो आहे.

सर माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही?" एवढंच म्हणाले.

एवढीच शिक्षा होती. या एका शब्दाला घाबरून मी एका म्हातारीची नजर असलेले तीन महिने खाल्ले.

पुस्तक आलं, नोंदणी झाली, पाठीवर क्रमांक चिकटला. पहिला नंबर मावशींचा. त्या नातीचा हात धरून आल्या, कार्डावर अंगठ्याने जागा चाचपून सही केली आणि पुस्तक घरी नेलं. बरोबर पंधरा दिवसांनी परत घेऊन आल्या. वाचलं कसं, ते मी विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "फाटलेलं नाही, बघून घे. लाव पुढच्याचा नंबर." पुढे तीन नावं होती. त्यांतली दोन मी ओळखत नव्हतो.

मग त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, यादी वाच. यायची आहेत त्यांची. मी वाचली. तेराव्याच्या स्वयंपाकवालीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि जाहिरातीच्या दोन ओळी परत वाचायला लावल्या. जास्तीचं पान कोणाचं असेल यावर आम्ही अर्धा तास भांडलो. जाताना म्हणाल्या, "ह्याला नाव घाल माझं."

मी वहीत आधी सही केली आणि नंतर त्यांचं नाव लिहिलं. हात इतका दाबून चालला की खालच्या दोन पानांवर वळ उठलेत. मला माफी मिळालेली नाही. मी मागितलीही नाही, आणि मागायला लाज वाटते याचाही राग येतो.

दर शनिवारी मावशी विचारतात, आलं का. मी सांगतो, अजून छापायचं आहे. प्रकाशकाकडे फोन करून, खात्री करून सांगतो. तरी त्या माझ्या तोंडाकडे कान करून तेच पुन्हा एकदा सांगायला लावतात.