मोटारीमागची नाव

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, एवढंच मला हवं होतं. पण माझं माहेर पूर्णेच्या पलीकडे. नदी फुगली, पायी ओलांडायचा उतार बंद झाला, की ते गाव जगापासून तुटलंच म्हणायचं. थोरल्या बहिणीच्या वेळी आमची माय फडक्यात डिंकाचे लाडू बांधून रोज नदीकाठी येऊन उभी राहायची. पाणी काही ओसरलं नाही. बहीण सासरीच बाळंत झाली आणि मायला नातू दिसला तो थेट दिवाळीत. आता माझे दिवस भरणार होते भादव्यात, म्हणजे ऐन पुरात, आणि आधीच माहेरी जाऊन राहायची सासरी रीत नव्हती.

त्या उन्हाळ्यात अकोल्याचा एक साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या सामानात एक नाव विकायला निघाली. नुसती नाव नव्हे, तिच्याखाली रबरी चाकांचा तिचा स्वतःचा गाडा, मोटारीला मागून जोडायचा! माझे यजमान अमरावतीला वकिली करत. त्यांच्याकडे जुनी का होईना, मोटार होती. त्यांनी ती नाव घेतली हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. हातातली पोळी तव्यावर करपली तरी भान नाही.

पण नाव घेतली आणि ओढत नेली, एवढ्यात भागवतील तर ते वकील कसले! आधी मोटारीचा कायदा पालथा घातला. मागच्या गाड्यावरही मोटारीचा नंबर हवा, तांबडा दिवा हवा, जोडाची खीळ निसटली तरी गाडा सुटू नये म्हणून वेगळी साखळी हवी, आणि नावेत माणूस अजिबात बसवायचा नाही. "मागच्यानं कोणाला धडक दिली तर जाब पुढच्याला द्यावा लागतो," हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं की पोटातल्या बाळालाही पाठ झालं असावं. अकोल्याच्या पोलीस कचेरीतही विचारून आले. तिथला कारकून म्हणाला, "वकीलसाहेब, हे गाडी हाय का नाव, ते तर सांगा पयले." हे म्हणाले, "रस्त्यावर आहे तोवर गाडी."

निघायच्या दिवशी आम्ही मोटार घेऊन अकोल्याला गेलो, माझा भाऊही गावाहून तिथे आला. नाव पाहून त्याचा चेहरा असा फुलला की मला भरूनच आलं. नावेचं टोक गाड्याच्या मागे बरंच बाहेर यायचं, त्यावर यांना तांबडं फडकं हवं होतं. मी माझा नवा लाल खण काढून दिला. मुळीच वाईट वाटलं नाही.

आता आमच्याकडे रिकामी गाडी घरी न्यायची नाही, अशी रीत. दादाने बैलांसाठी सरकीची पोती घेतली आणि सगळी नावेच्या मागच्या टोकाला रचली. यांनी साखळी ओढून पाहिली, दिवा पाहिला, नंबर पाहिला. पोत्यांकडे मात्र लक्ष दिलं नाही.

अकोला मागे पडलं आणि मोटारीने जोर धरला. मी तर गाणंच म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात मोटार मागून कोणी हिसडावी तशी हलली. वळून पाहते तर नाव रस्त्यावर या कडेहून त्या कडेला झोके घेतेय! समोरून बैलगाडी, गाडीत बायाबापड्या. बैल बुजले, गाडीवानाने कासरे खेचून गाडी कडेच्या शेतात घातली. यांनी हळूहळू वेग उतरवत मोटार थांबवली. कोणाला काही लागलं नव्हतं. तरी हे खाली उतरले तेव्हा पांढरेफटक पडले होते.

"बस झालं," ते म्हणाले. "नाव इथेच सोडायची. उद्या कोणाचा जीव गेला तर?"

"इथं सोडाची म्हणता? अन् पुरात मायनं हिले आणावं कसं?" दादा भडकला.

मला रडू येत होतं आणि रागही. मी मागे जाऊन पाहिलं. जोडाशी गाड्याचं तोंड वर उचललेलं, जणू मोटारीची शेपटी कोणी वर उचलून धरलीय.

"दादा, पोती मांगं कावून टाकली रे?"

"मोटारच्या मानेवर वझं नको म्हून! बैलाले नाई का आपण जपत?"

"मोटारले मान हाय का? अन् बैलाचंच म्हणतोस, तर गाडी उलाळ झाली म्हंजे बैल तरी नीट चालते का? गळ्याले फास लागते त्याले!"

दादाने कपाळावर हात मारला. मागे जास्त ओझं झालं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं, हे आमच्या घरी शेंबड्या पोरालाही ठाऊक. दयेच्या भरात तेवढंच तो विसरला होता. मग दोघांनी मिळून पोती पुढे ओढली, दोराने करकचून बांधली. गाड्याचं तोंड जोडावर नीट बसलं. हे आधी अगदी हळू निघाले, थांबले, साखळी पाहिली. मग जरा जोरात, पुन्हा थांबले. नाव शहाण्या कालवडीसारखी मागून येत होती. दादाने नावेत बसायचं म्हणून हट्ट केला, पण यांनी ऐकलं नाही. म्हणून तिघं पुढेच दाटीवाटीने बसलो आणि मी मोठ्याने गाणं म्हटलं. हे रागावले नाहीत!

नदीत तेव्हा गुडघाभर पाणी. माय उतारातून चालत अलीकडे आलेली, गावातली माणसं तिच्या मागे. नाव गाड्यावरून वाळूवर उतरवली. मायने तिच्या टोकाला हळदकुंकू लावलं, बाजूंवरून हात फिरवला. मग लुगडं सावरून कोरड्या वाळूवरच्या त्या नावेत चढली आणि दोन्ही कडा घट्ट धरून मधोमध बसली. लोक हसू लागले. तिने नदीकडे पाहिलं.

"आता येऊ दे पूर," माय म्हणाली.